बाइंडूच्या गुडघ्यांशी कोण बसणार?

"क्षमा ही माणसाने उभारलेली सर्वांत उंच इमारत आहे, आणि आज यालेहुन गाव तिच्या गच्चीवर उभं आहे!"

मदतसंस्थेच्या डेकरसाहेबांनी हे वाक्य आमच्या सभामंडपात, दोन्ही हात वर करून, इंग्रजीत म्हटलं. पुढेही ते बराच वेळ त्याच गच्चीवर फिरत होते. अखेर घाम पुसत खाली बसले, तेव्हा आमच्या गावप्रमुखांनी सगळ्या भाषणाचं आमच्या मेंडे भाषेत भाषांतर केलं.

"मुलगी परत आलीय. मारू नका."

"मग काय ओवाळू?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सभा संपली. गच्चीचं म्हणाल, तर यालेहुनमध्ये दुमजली घर कधीच नव्हतं. एकमजली होती त्यातली निम्मी युद्धात बंडखोरांनी जाळली होती, आणि परत आलेली मुलगी त्या बंडखोरांबरोबर आलेली लोकांनी पाहिली होती. तिच्या डोक्यावर त्यांच्या भाताचं पातेलं होतं. त्या वेळी ती अकरा वर्षांची होती, आणि त्यांनीच तिला आधी पळवून नेलं होतं. पण घर जळत असताना समोरच्याचं वय कोण विचारतं?

मुलीचं नाव बाइंडू. आता ती मोठी झाली होती, आणि स्वभावाने, खरं सांगायचं तर, मुळीच गोड नव्हती. डेकरसाहेबांच्या संस्थेने अशा मुलांना हुन्नर शिकवण्याचा विडा उचलला होता. मुलगे सुतार, मुली केशकर्तनकार. आधी परतलेल्या तिघा मुलग्यांमुळे गावात बसणाऱ्यांपेक्षा खुर्च्या जास्त झाल्या होत्या. बाइंडूला आरसा, फण्या, कात्री, तेलाचा डबा आणि एक उंच, गोल फिरणारी खुर्ची मिळाली. ती राहायची त्या मावशीने हे सामान दारात येऊ दिलं नाही. "पोटापुरतं मिळवलंस तर राहा, नाहीतर आलीस तशी जा," असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. माझी ओसरी रिकामी होती आणि पेन्शनीतल्या माणसाला करमणूक लागतेच, म्हणून दुकान माझ्याकडे लागलं.

गिऱ्हाईक एकही येईना. माझं डोकं पुढे करायला मी तयार होतो, पण त्यावर कित्येक वर्षांत काही उगवलेलं नाही.

वेणी घालणं म्हणजे आमच्याकडे साधी गोष्ट नव्हे. घालून घेणारी जमिनीवर बसते, घालणारीच्या गुडघ्यांमध्ये पाठ टेकते, डोकं तिच्या मांडीवर कलतं करते आणि अर्धा दिवस तशीच राहते. आपली मानगूट अशी कुणाच्याही हाती देत नाहीत. बाइंडूच्या हाती तर नाहीच.

"बादली लांब धर गं, भुताचं पाणी आमच्यात नको," विहिरीवर बायका म्हणायच्या.

"भुताला तहान लागत नाही," बाइंडू म्हणायची. "आणि विहीर माझ्या आजोबांनी खणलीय."

"ऐका! पाच वर्षं बंदुकवाल्यांत राहून जीभ बघा कशी झालीय!"

"तिथे मुकी माणसं टिकत नव्हती."

अशा वागण्याने गिऱ्हाईक वाढत नाही, हे मी तिला सांगितलं. "पा वांडी," म्हाताऱ्यांना लावायचा 'पा' लावून ती मला म्हणाली, "तुम्ही ओसरी दिलीत, तेवढं पुरे. उपदेश संस्थेकडून फुकट मिळतो."

खरी अडचण जेब्बेची होती. जेब्बे बायकांची म्होरकी. तिने ज्याला नाही म्हटलं त्याला गावातल्या सगळ्या चुलींनी नाही म्हटलं. गाव जळालं त्याच रात्री बंडखोरांनी तिची मुलगी येमा नेली होती, आणि तेव्हापासून जेब्बेने केसांना फणी लावली नव्हती. आमच्यात मोकळ्या केसांची बाई एकतर वेडी असते, नाहीतर सुतकात. जेब्बे वेडी नव्हती. पण प्रेत नाही, म्हणून चाळिसाव्या दिवसाचा विधी नाही. चाळिसावा नाही, म्हणून सुतक फिटत नाही. तिचे केस वणव्यानंतरच्या रानासारखे डोक्यावर उभे असायचे, आणि ते बघून बाकीच्या बायका बाइंडूच्या फणीकडे पाठ फिरवायच्या.

डेकरसाहेबांनी शेवटी जाहीर केलं, "शनिवारी एकही गिऱ्हाईक आलं नाही, तर मी तुला बो शहरातल्या केंद्रात नेईन."

"तिथे माझं कोण आहे?"

"तिथे वीज आहे."

"माझी आई इथे पुरलीय," बाइंडू म्हणाली. साहेब नुसते हसले.

शनिवारी जीप आली. चालकाने इंजिन चालूच ठेवलं. बाइंडू फण्या गोळा करू लागली. आणि चौक ओलांडून जेब्बे आली. मागे अख्खं गाव. हाणामारी बघायला जेवढं गाव जमतं, तेवढं.

जेब्बेने फिरत्या खुर्चीला लाथ घातली. "ही कसली खुर्ची? मला फासावर चढवायचंय?" मग ती जमिनीवर बसली, बाइंडूकडे पाठ करून. "घाल वेणी. हे हात काय करतात ते गावाला दिसू दे."

बाइंडू तिच्यामागे टेकली. फणी पहिल्याच गुंत्यात अडकली.

"ओढतेस काय, रांडे!"

"इतक्या वर्षांत विंचरलं नाही. ओढणारच."

"का विंचरलं नाही, ठाऊक आहे ना?"

"आहे."

"माझी येमा कुठे टाकलीस?"

फणी थांबली. चालकाने इंजिन बंद केलं.

"टाकली नाही, पुरली," बाइंडू म्हणाली. "नदीच्या पलीकडे. ताप होता. ते लोक थांबेनात. मी पातेल्याच्या झाकणाने खड्डा खणला. त्याबद्दल मार खाल्ला."

"केस?" जेब्बेचा आवाज खाली आला. "केस कसे होते तिचे?"

"वेण्या घातल्या होत्या. मीच. मोकळ्या केसांनी पुरतात का कुणी? बारीक, मागे नेलेल्या. तुम्ही तिला घालायचात तशाच."

"खोटं बोलतेस."

"मग उठा."

जेब्बे उठली नाही. डेकरसाहेबांचे डोळे भरून आले. ते पुढे झाले आणि म्हणाले, "बंधुभगिनींनो, हा क्षण..."

"या माणसाला कुणीतरी गप्प करा," जेब्बे म्हणाली.

"ती आपले आभार मानतेय," प्रमुखांनी साहेबांना सांगितलं.

ऊन ओसरीवर चढलं. कुणी घरी गेलं नाही. गळलेला प्रत्येक केस जेब्बे जमिनीवरून वेचून पदराच्या गाठीत बांधत होती. उगाच करणी व्हायला नको. "तुझ्यावर माझा विश्वास नाही," ती म्हणाली.

"ठेवू नका."

"मी तुला माफ केलेलं नाही. ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"विहिरीवर दिसलीस तर मी तोंड फिरवणार."

"फिरवा."

"तुझं तोंड मला बघायचं नाही."

"म्हणून तर पाठ करून बसलाय."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण जेब्बेचे खांदे हलत होते आणि ती हसत नव्हती. बाइंडूने ते पाहिलं की नाही, सांगता येत नाही. तिची बोटं चालूच होती. अर्धं डोकं बांधून झालं होतं, अर्धं अजून रान होतं.

"आणि एक सांगते," जेब्बे म्हणाली.

बायका पुढे झुकल्या. प्रमुख भाषांतराच्या तयारीने घसा खाकरून उभे राहिले. साहेबांनी श्वास रोखला.

"कानामागे जरा सैल घाल गं. रुततंय."