सिदूनं काठी दिली

सिद्धनाथ नौदलात व्हाइस ॲडमिरल झाला, ही बातमी सांगोल्याकडच्या आमच्या वस्तीनं फार शांतपणे घेतली. टँकरखेरीज पाणी न पाहिलेल्यांनी समुद्राबद्दल मत काय द्यायचं?

निवृत्तीच्या दिवशी विशाखापट्टणला तो नव्या साहेबांकडे सूत्रं सोपवणार होता. त्याच्या आईला, रंभाबाईला, तिकीटही आलं होतं. पण शेळी व्यायला झाली होती, त्यामुळे ती गेली नाही. मग शेजारच्या जोतिरामनं बिरोबाच्या देवळात टीव्ही लावला आणि वस्तीनं सोहळा तिथंच बघितला.

बँड वाजला, सलामी झाली. सिद्धनाथनं हातातली छोटी काठी नव्या साहेबांना दिली. आम्ही टाळ्या वाजवल्या. रंभाबाई मात्र पांढरीफटक पडली. आमच्याकडे मेंढरामागं फिरणारा माणूस आपली काठी दुसऱ्याला देतो ती एकदाच, पाय गेल्यावर.

"पोराचं पाय गेलं, अन् मला कुनी सांगितलं न्हाय."

"काकी, तितं तशी रीत हाय," जोतिराम म्हणाला.

"काठी द्यायची रीत तू मला शिकवतोस व्हय?"

तेवढ्यात सिद्धनाथला फुलांनी सजवलेल्या उघड्या जीपमध्ये बसवलं आणि पांढऱ्या गणवेशातले अधिकारी ती जीप दोरखंडानं ओढू लागले. जाणाऱ्या साहेबाला तिथं असा मानाचा निरोप देतात, हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी जोतिरामही टीव्हीत सिद्धनाथचे पाय शोधू लागला.

थोड्या वेळानं सिद्धनाथचा व्हिडिओ कॉल आला.

"आये, बघितलंस न्हवं?"

"बघितलं. चालून दाखव."

"काय?"

"चालून दाखव म्हनते. कुनाचा आधार न घेता."

उभं आयुष्य हुकूम सोडण्यात गेलेला माणूस. त्यानं फोन बायकोच्या हातात दिला आणि हिरवळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. नव्या साहेबांना वाटलं, हाही परंपरेचाच भाग असावा. तेही अदबीनं मागून चालले.

"आता वळून ये," रंभाबाई म्हणाली.

दोघेही वळून आले.

मग ती पोटभर रडली. डोळे पुसून तिनं सुनेला फोन जीप ओढणाऱ्यांकडे फिरवायला लावला आणि हात जोडले.

"बाबांनो, धडधाकट मानसाला कुनी इतकं जपत न्हाय. तुमी जपलंत. लई उपकार झालं."

त्यांच्यात मराठी कुणाला कळत होती, बिरोबा जाणे. पण सगळ्यांनी एकदम तिला सलाम ठोकला.

"बसा आता," ती म्हणाली, "वढून वढून दमला असाल की."