फणसावरची सरळ रेघ

कुंचला सालीला टेकणार एवढ्यात उत्तरा बाळ यांनी आपला हात फणसाच्या खोडावर आडवा घातला. विटकरी ऑइलपेंटचा पट्टा सालीऐवजी त्यांच्या मनगटावर उमटला. रंगारी डबा सावरत मागे सरला.

“बाई, हे रॉकेलशिवाय निघणार नाही हां.”

“नाही निघालं तर नाही. या झाडाला रंग लागणार नाही. जा, सेक्रेटरींना बोलवा.”

बोलावण्याची गरज नव्हती. वसाहतीतली बाकीची सगळी झाडे सकाळपासून विटकरी अंगावर पांढरा पट्टा अशा गणवेशात उभी होती, आणि ती शिस्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासाठी जयवंत तिरोडकर चहाचा कप हातात घेऊनच खाली उतरले होते. दिंडोशीतल्या या जुन्या वसाहतीचे सचिवपद त्यांच्याकडे इतक्या वेळा आले होते, की आता निवडणुकीत त्यांच्यापुढे कोणी उभेही राहत नसे. येत्या रविवारी प्रभागातल्या सुंदर सोसायटी स्पर्धेचे परीक्षक यायचे होते. एरवी कमरेपर्यंत असणारा रंग यंदा हात पोचेल तिथवर चढवायचा, दुरूनच नजरेत भरला पाहिजे, हा त्यांचा निर्णय होता.

“मॅडम, दरवर्षी तुमचं हेच. मागच्या खेपेला वॉर्ड ऑफिसात तक्रार. त्याच्या आधी लिफ्टमध्ये पत्रक, ‘चुन्याने सालीवरचे जीवन मरते’. आता काय, झाडाला मिठी?”

“मिठी नाही. अडवलंय.”

“अहो, झाडाला चुना नाही लावायचा तर कुणाला लावायचा, मेंबरांना?”

रंगारी खुदकन हसला. उत्तराबाईंनी गळ्यातले भिंग काढून जयवंतरावांपुढे धरले.

“कप खाली ठेवा आणि इथे बघा. खांद्याच्या वर. डोळा अगदी जवळ न्या.”

जयवंतरावांनी नाइलाजाने डोळा लावला. सालीवर राखाडी, पातळ खपली पसरलेली होती, आणि तिच्यावर बारीक काळ्या रेघा होत्या. वाकड्या, फाटे फुटलेल्या, कुणी घाईघाईने मोडीत काहीतरी खरडून ठेवावे तशा.

“बुरशी ना ही?”

“शैवाक. बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधारानं राहतात ते. तुमच्या मसाल्यातलं दगडफूल याच्याच नात्यातलं. पण याला नाव नाही, जयवंतराव. जगात कुणी याचं वर्णनच केलेलं नाही. घाटकोपरच्या कॉलेजात जन्मभर मी इतरांनी ठेवलेली नावं शिकवली. हे पहिलं, जे मला सापडलं. आरे पालथं घातलं, बोरिवलीचं जंगल पालथं घातलं, कुठे नाही. या एका खोडावर आहे. तुमच्या माणसाचा हात फिरला की संपलं.”

जयवंतरावांनी भिंग परत केले नाही. ते सालीवर बोट न टेकवता फिरवत राहिले, आणि काही वेळाने त्यांचा आवाज खाली आला.

“हा फणस बाबांनी लावलाय. गिरणी बंद पडली त्या वर्षी गावाहून आठळी आणून.” मग त्यांचे डोळे चमकले. “नाव नाही ना याला? मग बाबांचं द्या, भाऊराव तिरोडकरांचं. आत्ता डबा परत पाठवतो.”

“नाव सौद्यात देत नाहीत.”

“सौदा कसला त्यात? झाड बाबांचं, झाडावरचं तेही बाबांचंच.”

“तुमच्या वडिलांनी फणस लावला, शैवाक नाही. त्याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. उद्या नगरसेवक म्हणतील, वसाहतीत नळ मी आणला, माझं नाव द्या.”

हे शेवटचे वाक्य झोंबले. जयवंतरावांनी भिंग त्यांच्या हातावर ठेवले आणि कप उचलला.

“म्हणजे नाही?”

“नाही.”

“ठीक. मग रविवारी सकाळी मी स्वतः रंगवणार. बघतो कोण मध्ये हात घालतं.”

“मीच घालीन,” उत्तराबाई म्हणाल्या, आणि रंगलेले मनगट त्यांनी मुद्दाम वर करून दाखवले.

*

या नव्या जातीवरचा निबंध जवळजवळ पुरा झाला होता. उरली होती ती काही पातळ छेद घेऊन बीजाणूंची मापे पुन्हा पडताळण्याची बाब, आणि उत्तराबाईंना एक गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय खरी वाटत नसे. त्या दिवशी दुपारी सूक्ष्मदर्शकाशेजारी बसून त्या सालीच्या तुकड्यावरून दाढीचे पाते हलकेच ओढत होत्या. पाते किरकिरले.

पहिल्यांदा त्यांनी तो दोष मेट्रोच्या कामाच्या धुळीवर ढकलला. दुसरा तुकडाही किरकिरला. तिसऱ्यानंतर त्या उठल्या, फडताळातली विरल आम्लाची बाटली काढली आणि सालीच्या फटीत एक थेंब सोडला. थेंब फसफसला. बुडबुडे बारीक होते, पण शंकेला जागा नव्हती.

चुना. धूळ नव्हे, थरावर थर बसलेला, सालीच्या रेषारेषांत मुरलेला जुना चुना.

त्यांनी फणसाच्या वरच्या भागातली साल घेतली, जिथे शैवाकाचा मागमूस नव्हता. थेंब निमूट पसरला. खालची घेतली, फसफसला. हस्तलिखितात त्यांनी एक निरीक्षण नोंदवले होते: ही जात कमरेच्या वर सुरू होते आणि माणसाच्या डोक्यावर हातभर उंचीला एकाएकी संपते, दोरी धरून आखावी अशी सरळ रेघ खोडाभोवती फिरते. कारण म्हणून त्यांनी लिहिले होते, फांद्यांची सावली. मोठ्या समाधानाने लिहिले होते. आता त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचले. सावली अशी सरळ पडत नाही. सरळ रेघ माणूस ओढतो.

आणि प्रश्न केवळ एका वाक्याचा नव्हता. फणसाची साल मुळात आम्लधर्मी. तिच्यावर जे चुन्याच्या आधाराने जगते, त्याची तुलना चुनखडीच्या खडकावरच्या जातींशी करायला हवी होती. त्यांनी केली होती ती फक्त सालीवरच्या जातींशी. खडकावरची एखादी जुनी, शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालेली जात चुन्यामागोमाग या फणसावर येऊन बसली असेल, तर त्यांच्या हाती नवीन असे काहीच नव्हते.

त्यांनी मुकुलला फोन लावला. मुकुल एके काळचा त्यांचा विद्यार्थी. आता एका संशोधन संस्थेत होता, तिथला नमुनासंग्रह सांभाळत होता आणि निबंधाचा सहलेखक होता.

“मॅडम, चुन्याचं लिहायचंच कशाला?” सगळे ऐकून तो म्हणाला. “‘फणसाच्या सालीवर’ हे खरंच आहे ना?”

“अर्धं खरं आहे.”

“समीक्षक काय दिंडोशीला बघायला येणार आहेत का? आणि लिहिलंत तर म्हणतील, सोसायटीच्या रंगकामावर उगवलेलं काहीतरी. पेपर परत येईल, मॅडम. वाट लागेल सगळ्या कामाची.”

“येऊ दे परत. तुझ्याकडे चुनखडीवरचे जेवढे नमुने आहेत तेवढे पाठव.”

“आणि त्यातलंच एखादं निघालं तर?”

“तर नवीन नाही असं लिहीन. खाली माझं एकटीचं नाव घालीन, तुला त्रास नको.”

मुकुलने उसासा टाकला. पलीकडे कपाटाचे दार उघडल्याचा आवाज आला. “तुमच्याशी वाद घालून पास झालेला कुणी मला आठवत नाही,” तो म्हणाला. “सकाळी माणूस पाठवतो.”

पाकिटे आली. उत्तराबाईंनी एकेक उघडले, छेद घेतले, मापे घेतली, पोटॅशचा थेंब टाकला. फणसावरचे शैवाक त्या थेंबाने आधी पिवळे आणि मग कुंकवासारखे लाल होई. खडकावरचे एकही लाल झाले नाही. बीजाणूही त्यांचे निम्मेच लांब होते. शनिवारी संध्याकाळी शेवटचे पाकीट मिटले तेव्हा जात नवीन होती, यात वादाला जागा उरली नव्हती. आणि वादाला जागा असती तर ती प्रथम त्यांनीच शोधली असती. त्यांनी काचपट्ट्या धुतल्या, चपला घातल्या आणि त्या तिरोडकरांच्या मजल्यावर गेल्या.

*

दार जयवंतरावांनीच उघडले. मागे टीव्हीवर क्रिकेट चालू होते. खिडकीपाशी खाटेवर त्यांची आई, सोनूबाई, ताटात मटार सोलत बसल्या होत्या.

“बोला मॅडम. नाव द्यायला आलात?”

“विचारायला आले. फणसाला चुना कोण लावायचं?”

“बाबा. दरसाल दिवाळीच्या आधी. वाळवी लागू नये म्हणून. आमच्यासारखं परीक्षकांसाठी नाही.”

“किती उंच?”

“स्टूल नाही घ्यायचे. टाचा उंचावून, हात पोचेल तिथपर्यंत.” त्यांनी नकळत तसाच हात वर केला आणि संकोचून खाली घेतला. “त्यांच्यानंतर आम्ही कमरेपर्यंतच आणलं. का?”

उत्तराबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. जे सांगायचे ते बसून सांगणे त्यांना सवलत घेतल्यासारखे वाटले.

“त्या दिवशी मी म्हटलं, त्यांचा काडीचा संबंध नाही. ते चूक होतं. ते शैवाक त्यांच्या चुन्यावर जगतंय. त्यांचा हात जिथे संपला तिथे तेही संपतं. चुन्यानं सालीवरचं सगळं मरतं असं मी लिफ्टमध्ये लावलं होतं, तेही अर्धवट होतं; ताज्यानं मरतं, जुन्यावर हे जगतं. उद्या सहीनिशी दुरुस्ती लावते.”

जयवंतरावांनी टीव्हीचा आवाज बंद केला. इतक्या वर्षांच्या सचिवपदात कुणा सभासदाने आपल्या तोंडाने ‘चूक होतं’ म्हटल्याचे त्यांच्या ऐकण्यात नव्हते.

“मग उद्या रंगवू की नको?”

“कमरेपर्यंत, आणि नुसता चुना. ऑइलपेंटचा थेंब नको. त्याच्यावर गेलात तर मी उभी आहेच.”

“एकच झाड वेगळं दिसेल. मार्क कापतील.”

“कापू देत.”

“बरं, कापू देत.” ते हसले. “मग आता तरी बाबांचं नाव...”

“नाव नको.”

बोलल्या त्या सोनूबाई. मटारावरची नजर त्यांनी वर केली नव्हती.

“हेंका आवडाचा नाय. चाळीच्या गणपतीत देणगीदारांच्या फळ्यार हेंचा नाव लिवलेला, तर सोताच जावन पुसून इले. झाड लावला, चुनो लावलो, झाला. तेचा नाव कित्याक? आणि जयवंता, नाव काय कोणाकडसून मागान घेतत?”

“आई, मी आपलं गमतीत...”

“गमतीत नाय. माका सगळा म्हायत आसा.”

जयवंतराव पन्नाशी उलटलेले गृहस्थ. ते मान खाली घालून रिमोटशी चाळा करू लागले. “राहिलं, मॅडम,” ते म्हणाले. “आई बरोबर बोलतेय. माझं मागणं मी परत घेतो.”

“आता ठीक,” उत्तराबाई म्हणाल्या, आणि कुणी बसा म्हणायच्या आधीच आत येऊन खुर्चीवर बसल्या. “आता नाव त्यांचंच पडणार.”

“अहो, पण आई नको म्हणतेय!”

“नियमांत घरच्यांची परवानगी लागत नाही. तुम्ही मागितलंत तेव्हा द्यायला कारण नव्हतं. आता कारण आहे आणि मागणारं कुणी नाही. मी दुसरं काय देऊ?”

सोनूबाईंच्या बोटांतली शेंग उघडता उघडता थांबली.

“माझ्या घरात येवन माझ्याशी भांडतास?”

“हो, मावशी.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होते. तिचे किणकिणणारे गाणे संपले. आधी नजर वळवली ती सोनूबाईंनी, पण हरल्यासारखी नव्हे.

“तो फळो पुसलो तसा ह्या नाव पुसूक येता?”

“नाही. एकदा छापलं की मलासुद्धा बदलता येत नाही. फणस गेला, ही इमारत गेली, तरी राहील.”

सोनूबाईंनी दाणे ताटात सोडले. “म्हणजे आता जावन पुसूचे नाय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

“एवढंच विचारते,” उत्तराबाई म्हणाल्या. “कागदोपत्री नाव भाऊरावच होतं ना? की जन्माचं काही वेगळं?”

सोनूबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि हनुवटीने मुलाकडे खूण केली. “सांग रे, तूच सांग.”

“भाऊरावच,” जयवंतराव म्हणाले. “आई नाही घेत त्यांचं नाव. लग्न झाल्यापासून कधी नाही. रेशनच्या दुकानात, हॉस्पिटलात, सगळीकडे मला पुढे करायची. शेवटी डॉक्टर वैतागला, तरी नाही.”

“हरकत नाही. आधी वंशाचं नाव येतं, मग यांचं, आणि त्याला शेवटी एक ‘ई’ जोडायची. लॅटिनची रीत आहे. म्हणजे ‘भाऊरावांचं’.” उत्तराबाईंनी विद्यार्थ्यांपुढे उच्चारीत तसा तो शब्द तोडून उच्चारला. “भाऊराओई.”

“काय म्हटलात?” सोनूबाईंनी विचारले.

“भाऊराओई.”

सोनूबाईंनी ताट बाजूला सारले. त्यांचे ओठ आधी नुसतेच हलले, आवाज आला नाही. मग त्यांनी पदर मागे टाकला, मान ताठ केली आणि गॅलरीतून खाली कुणाला हाक मारावी अशा खणखणीत आवाजात म्हटले,

“भाऊराओई.”

जयवंतराव आईकडे बघतच राहिले.

“काय बगतंस?” सोनूबाई म्हणाल्या. “झाडावरच्या दगडफुलाचा नाव घेतलंय मी.”