चौथा कान

मित्रांनो, मला कान पाच आहेत आणि तोंड मात्र एकही नाही. आयुष्यभर मी ऐकवण्याचं काम केलं, बोलण्याचं कधीच नाही. आज पहिल्यांदा बोलतेय, तर जरा सांभाळून घ्या. एकदा सुरू झाले की मी लवकर थांबणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते!

मी एक जुनी डबी आहे. तळहातावर मावेन एवढी, पत्र्याची, राखाडी रंगाची. माझ्या एका बाजूने आखूड वायर निघते, ती गाणी वाजवणाऱ्या यंत्रात खोचायची. बाकीच्या अंगावर पाच भोकं. त्यांत पाच जणांनी आपापल्या हेडफोनच्या पिना खोचायच्या. झालं! गाणं एक आणि ऐकणारे पाच.

मला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी बनवलं. त्यांचं दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की काकांना बाहेर उभं राहावं लागे. शाळेतल्या भाषेच्या बाईंना मुलांना उच्चार ऐकवायचे होते आणि यंत्र होतं एकच. काकांनी रिकामी डबी घेतली, भोकं पाडली, आत बारीक तारा जोडल्या आणि प्रत्येक जोडावर तापलेल्या कथलाचा डाग दिला. मग पाचही भोकांत आळीपाळीने स्वतःचा हेडफोन लावून पाहिला. "बोलतेस ना गं?" असं प्रत्येक भोकाला विचारूनच त्यांनी मला शाळेत पाठवलं.

बाई मला "माझी गुणाची डबी" म्हणत. तास संपला की मऊ फडक्याने पुसून खणात ठेवत. ते माझे सुखाचे दिवस होते. पण पुढे प्रत्येक मुलासाठी वेगळं यंत्र आलं, बाई निवृत्त झाल्या, आणि माझी रवानगी संगीताच्या खोलीतल्या कपाटात झाली, तुटक्या वायरींच्या गुंत्याखाली. किती वर्षं, ते विचारू नका. दुसऱ्या भोकात एका कोळ्याने संसार थाटला होता, यावरून काय ते समजा.

मग एका दुपारी कपाट उघडलं. समोर नववीतली एक मुलगी. तिला सगळे 'कप्तान' म्हणत. तिला कुणी निवडलं नव्हतं, पण तिला कुणी थांबवलंही नव्हतं.

"अगं, हे बघा काय घबाड!" ती मागच्या तिघी मैत्रिणींना ओरडून म्हणाली आणि तिने मला खस्सकन ओढलं. मी सटकले आणि ठण्णकन फरशीवर आदळले.

"काही नाही झालं, काही नाही झालं," कप्तान मला उचलत म्हणाली. लहान पोर पडल्यावर आया म्हणतात ना, अगदी तसं.

पण झालं होतं. माझ्या पोटात चौथ्या भोकाचा जोड निखळला होता. चौथा कान मुका झाला होता. आणि मला सांगायला तोंड कुठे होतं?

या चौघींचा एक शुक्रवारचा कट्टा होता. मधल्या सुट्टीत संगीताच्या खोलीत जमायचं. दर शुक्रवारी एकीने असं गाणं आणायचं, जे बाकीच्यांनी कधीच ऐकलेलं नाही. बाकीच्यांनी ते शेवटपर्यंत ऐकायचं, मध्ये एक शब्द बोलायचा नाही. माझ्या येण्याआधी त्या एकच हेडफोन फिरवत आणि सुट्टी संपली तरी शेवटचीचं ऐकून होत नसे. आता मी आले, आणि माझ्या पाच भोकांना त्यांनी पाच रंगांच्या नखरंगाचे ठिपके लावले. अहाहा! इतकी मी जन्मात नटले नव्हते.

पहिलं भोक कप्तानचं. दुसरं-तिसरं दोघी जुळ्या बहिणींचं. पाचवं, भिंतीकडचं, चष्मिषचं, कारण तिला टेकून बसायला लागे. चौथं रिकामंच होतं. त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

आणि मग वर्गात नवी मुलगी आली. तिचं नाव पडलं 'नवी'. पहिले दोन आठवडे ती डबा एकटीच खात होती. कप्तानने ते पाहिलं आणि तिला थेट हाताला धरून आणलं.

"ही चार नंबरवर बसेल. आणि हे बघ, आपला नियम आहे. आधी पाच शुक्रवार ऐकायचं. आमची आवड कळली, की सहाव्याला तू गाणं आणायचं. आम्हाला आवडलं, की तू कट्ट्याची."

"आणि नाही आवडलं तर?" नवीने हळूच विचारलं.

"तर बघू," कप्तान म्हणाली. आता 'बघू' म्हणजे काय, हे नव्या मुलीला समजावून सांगावं लागतं का?

नवीने चौथ्या भोकात पिन खोचली. गाणं सुरू झालं. जुळ्यांच्या माना डोलल्या, चष्मिषने डोळे मिटले, आणि नवीच्या कानात काहीच नाही. शुकशुकाट! तिने पिन फिरवून पाहिली. मान वर केली. सगळ्या कशा रंगल्या होत्या! मध्ये बोलायचं नाही, हा नियम. ती गप्प बसली. गाणं संपल्यावर कप्तानने विचारलं, "कसं वाटलं?"

"भन्नाट!" नवी म्हणाली.

आणि फसली. घरी जाऊन तिने हेडफोन तपासला, तो ठणठणीत होता. म्हणजे भोकच बंद. पण आता सांगायचं कसं? आधी भन्नाट म्हणून बसली होती ना! दुसऱ्या शुक्रवारी 'कमाल', तिसऱ्याला 'वेड लावलं बाई'. माझा जीव तुटत होता, मित्रांनो. एका मुलीला मी मैत्रिणींमध्ये बसवून एकटं पाडत होते.

पण ती नुसती बसली नाही हं! ती बघत होती. जुळ्यांचे पाय कधी ठेका धरतात. चष्मिष नेमकी कधी श्वास रोखते. कप्तान कंटाळली की नखं कशी कुरतडते. गाणी एकही न ऐकता तिने चौघींची आवड डोळ्यांनी गोळा केली.

सहावा शुक्रवार आला. गाणं आणणाऱ्या मुलीने यंत्राशेजारी, एक नंबरवर बसायचं, हा आणखी एक नियम. म्हणून कप्तान उठली आणि बसली कुठे? चौथ्यावर!

नवीने माझी वायर आपल्या फोनमध्ये खोचली. तिची मावशी बस चालवते. संध्याकाळी डेपोत बस धुताना ती रेडिओवर कुठकुठली लांबची स्टेशनं लावते. तिथेच नवीला एक गाणं सापडलं होतं. भाषा न कळणारी, एका बाईचा भरदार आवाज आणि फक्त टाळ्या. तिने ते फोनवर टिपून घेतलं होतं. मागे पाण्याच्या नळीचा फवारा ऐकू येत होता आणि मधोमध मावशीची एक सणसणीत शिंकही होती.

गाणं सुरू झालं. नवीने माझ्यातून पहिल्यांदा काहीतरी ऐकलं आणि तिचा चेहरा असा उजळला! जुळ्यांचे पाय सुरू झाले. चष्मिषने श्वास रोखला. आणि कप्तान? तिने पिन फिरवली. हेडफोनवर टपली मारली. सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्या रंगलेल्या! मग तिनेही डोळे मिटले आणि डोलायला लागली.

नवीने ते डोलणं ओळखलं. न ओळखून कसं चालेल? पाच शुक्रवार ती तशीच तर डोलली होती.

गाणं संपलं. निकाल आधी कप्तानने द्यायचा. तिने घसा खाकरला.

"वा! म्हणजे... ते व्हायोलिन तर थेट काळजात घुसलं गं!"

"कुठलं व्हायोलिन?" चष्मिष म्हणाली.

"मागे वाजतंय ते."

"मागे पाणी वाजतंय," एक जुळी म्हणाली.

"आणि कुणीतरी शिंकलंय," दुसरी म्हणाली. "व्हायोलिन शिंकतं का?"

कप्तानचे कान लाल झाले. नवीला वाटलं असतं तर ती खुशाल गप्प बसू शकली असती. कप्तानने गाण्याला चांगलंच म्हटलं होतं, कट्ट्यावर जागा पक्की झाली होती. पण तिने हेडफोन उतरवला.

"तिला काही ऐकूच आलं नाहीये. चार नंबर बंद आहे. मला माहितीये, कारण मलाही पाच शुक्रवार काही ऐकू आलेलं नाही. मी खोटं बोलले."



"अगं मग ते 'वेड लावलं बाई' काय होतं?" जुळ्या एकदमच ओरडल्या.

"तुमचे पाय बघून म्हणाले."

"आणि आमच्या आवडीचं गाणं कसं आणलंस?"

"तेही पाय बघूनच."

मग कप्तान हळूच म्हणाली, "मी एकाच गाण्याला थाप मारली तर मला घाम फुटला. तू पाच वेळा एकटीने कसं काढलंस गं?" आणि तिला हसू फुटलं. मग नवीला. मग सगळ्यांना. कप्तानने सरकून नवीच्या हेडफोनला एका बाजूने कान लावला आणि म्हणाली, "लाव परत. ती शिंक मला ऐकायचीच आहे."

त्याच संध्याकाळी पाचजणी मला घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. काकांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी झाकण उघडलं, जुने डाग पाहिले आणि म्हणाले, "अरे, ही तर माझीच पोर! कुणी पाडली हिला?"

"मी," कप्तान म्हणाली.

काकांनी नवा डाग दिला. पुढचे पाच शुक्रवार चौघींनी नवीला हुकलेली पाचही गाणी पुन्हा ऐकवली. तीन तिला खरंच आवडली. दोन नाही आवडली, आणि तिने तसं तोंडावर सांगितलं. त्यांतलं एक कप्तानचं होतं. ती आठवडाभर फुगली होती, पण पुढच्या शुक्रवारी नवीशेजारीच येऊन बसली.

मित्रांनो, आता मी छान आहे. ठिपके थोडे उडालेत, बाकी मजेत. तुमच्याजवळ माझ्यासारखं काही जुनं असेल तर ते पडल्यावर नुसतं 'काही नाही झालं' म्हणू नका, एकदा उघडून बघा. आणि आपल्या आवडीचं गाणं कुणाला ऐकवाल ना, तर 'कसं वाटलं?' विचारायच्या आधी एक प्रश्न विचारा. कप्तान आता दर शुक्रवारी आधी गाणं क्षणभर वाजवून तोच विचारते, एकेकीच्या तोंडाकडे बघत.

"ऐकू येतंय ना गं?"

"एक, हो." "दोन, हो." "तीन, हो."

आणि मग सगळ्यांत मोठ्याने, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं, "चार, हो!"