उत्तरेची भिंत

“मावशी, मागं सरा. दगड अंगावर येईल,” मुकादम महिपत ओरडला. कोन्सूबाय सरकली नाही.

खाडीकाठच्या त्या गावातलं चर्च पोर्तुगीज अमलातलं. काळा दगड, चुना आणि चांगल्या दोन हात जाड भिंती; पाडणाऱ्यांचा घाम निघत होता. आजूबाजूला टॉवर उठले, माणसं वाढली, रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला लोक उन्हात उभे राहू लागले. म्हणून उत्तरेची भिंत काढून चर्च रुंद करायचं ठरलं. वर्गणी जमली, सगळे खूश झाले. सत्तरी ओलांडलेली कोन्सूबाय मात्र रोज येऊन ढिगाऱ्याशी बसायची. म्हातारीला उद्योग नाही, असं लोक म्हणत. लोकांना काय, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शेवटी महिपतच तिच्या शेजारी येऊन टेकला. “काय हरवलंय का, मावशी?”

“माझा लेकरू हाय हितं. भिंतीच्या भायेर. जल्माला आला नि गेला. बाप्तिस्मा नाय झाला, मंग कब्रस्तानात जागा नाय दिली. माझ्या नवऱ्यान हितं आणून पुरला.”

तेव्हाचा नियमच तसा होता. कब्रस्तानाच्या कुंपणाआत देवाची जमीन आणि बाहेर कोणाचीच नाही. त्यानंतर तिला मूल झालं नाही. पुढे नवरा पास्कूही गेला. इतकी वर्षं ती मिस्साला त्याच भिंतीला टेकून बसायची. खिडकीजवळची वाऱ्याची जागा धरते, म्हणून बायका टोमणे मारत. भिंतीपलीकडे तिचं मूल होतं आणि ते बाहेर होतं, या दुःखानं तिला कधी सोडलं नाही. आता नेमका तिथंच नव्या खांबाचा खड्डा येणार होता.

“माती डंपरात भरून शीळफाट्याला टाकता ना रे? त्याला नको नेव, बाबा.”

महिपत खड्ड्याच्या जागेकडे बघत म्हणाला, “आमच्यात बी बारकी लेकरं पुरत्यात, मावशी. जाळत नाहीत.”

तो खड्डा त्यानं मशीन न लावता हातानं खणून घेतला. सापडलं काहीच नाही. इतक्या वर्षांनी काय उरणार? तरी तिथली घमेलंभर माती त्यानं बाजूला काढून ठेवली.

कोन्सूबाय फादर ऑल्विनकडे गेली. ही माती आत, नव्या फरशीखाली घालू द्या, एवढंच तिचं मागणं होतं. फादर तरुण होते, या गावात नवे होते. त्यांनी तिची सगळी हकिगत ऐकून घेतली.

“आता तो नियम नाही, कोन्सूबाय. आणि भिंतही नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पवित्र पाणी घेऊन आले. कामगारांनी मिक्सर बंद केला.

“प्रार्थनेत नाव काय घेऊ? मुलगा होता की मुलगी?”

कोन्सूबायनं पदर तोंडाला लावला. “मना ठावं नाय, फादर. मी शुद्धीवर येवाच्या आदी नेला व्हता. इचारला का पास्कू निस्ता रडायचा. मंग मी इचारायचाच सोडला.”

फादरांनी हातातलं पुस्तक मिटलं. ‘कोन्सूबायचं लेकरू’ एवढंच म्हणून त्यांनी प्रार्थना केली. गावात तिच्या मुलाबद्दल असं मोठ्यानं कोणी कधी बोललं नव्हतं.

तिनं खाली बसून माती ओंजळीनं, नवी फरशी यायची होती तिथल्या जमिनीत घातली आणि वरून हलकेच थोपटली. काँक्रीटची घमेली घेऊन माणसं खोळंबली होती. महिपतनं त्यांना हातानंच थांबवलं. ती अजून थोपटत होती.