धूर वळला

ये श्रीरंग, बस. चहा ठेवलाय, घाई करू नकोस. तुझ्या हेमलताकाकूची एक गंमत सांगतो. आमच्या विलासचा लहानपणापासूनचा दोस्त तू, तुला नाही सांगायची तर कुणाला? मधे हसलास तरी चालेल, पण उठून जायचं नाही.

इथंच दिल्लीतली, बदरपूरच्या पॉवर हाऊसची आपली कॉलनी आठवते ना? मी कोळशाच्या यार्डात, तुझे बाबा ऑफिसात. तिथल्या बायका वाळवण घालायच्या आधी चिमणीकडं बघायच्या. धूर फरीदाबादकडं चाललाय म्हटलं की पापड, कुरडया, सगळं गच्चीवर. वारा फिरून राख कॉलनीवर यायला लागली की कुणीतरी ओरडायचं, "वळला गं बाई!" की निघाल्या सगळ्या पदर खोचून वाळवण उचलायला. तुझी आई सगळ्यांच्या पुढं.

मग मी रिटायर झालो. मागून ते पॉवर हाऊसही बंद झालं. आमचा विलास लागला तिकडं मध्य प्रदेशात, विंध्याचलच्या पॉवर हाऊसला. देशातलं सगळ्यात मोठं म्हणतात, चिमण्याच चिमण्या. दिल्लीतच, द्वारकेतला हा फ्लॅट त्यानंच घेतला. घर त्याचं, राहतोय आम्ही. यायचं ठरवलं की कुठल्यातरी युनिटची दुरुस्ती निघते, नाहीतर उन्हाळ्याचा लोड. तुम्ही इथं एसी लावून पडता यार, अन् पोरगं आमचं तिकडं अडकतं! मागच्या दोन्ही दिवाळ्यांना त्याच्यासाठी केलेल्या चकल्या मीच खाल्ल्या. दाढ गेली माझी.

मी म्हणायचो, "चल, आपणच जाऊन येऊ."

"बिल्कुल नाही," ही म्हणायची. "आपण गेलो की झाली भेट. मग तो कशाला येतोय?"

म्हणून गेली नाही. वाट बघत बसली.

तर परवाच्या रविवारी हिनं बाल्कनीत पापड घातले होते. लिफ्टनं गच्चीवर घालायला गेली तर सेक्रेटरी म्हणाला, "आंटीजी, ये सोसायटी है, गाँव नहीं." त्याला हिनं मराठीत जे काय सांगितलं ते तुला नाही सांगत. तेवढ्यात विलासचा व्हिडिओ कॉल आला. सूनबाई, म्हणजे आपली वृंदा, फोन घेऊन त्यांच्या गच्चीवर उभी. शेजारी विलास, अन् मागं त्या चिमण्या. "वाळलास रे," "नाही गं आई," असं नेहमीचं चाललं होतं.

एकदम ही ओरडली, "वळला गं बाई!"

फोन सोफ्यावर टाकला अन् पळाली की बाल्कनीत! गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाही, ती. ओले-सुके सगळे पापड चादरीत गोळा करून धापा टाकत आत आली. फोनमधनं विलास ओरडतोय, "आई? काय झालं, आई?"

मी तर पोट धरून हसलो. म्हटलं, "अगं ए, धूर तिथला! इथं कुठाय चिमणी?"

तिनं बाहेर बघितलं. समोर सोसायटीचे टॉवर, वर एक विमान. हसली नाही. फोन उचलला. विलास म्हणाला, "पुढच्या महिन्यात नक्की येतो आई." ती म्हणाली, "ये हं बाळा." अन् ठेवला.

मग चादर मांडीवर घेऊन एकमेकांना चिकटलेले पापड सोडवत बसली. मी पण दोन सोडवायला घेतले. मग म्हणाली, "मी त्याच्याजवळच होते हो. अगदी जवळ. पळाले, अन् बघते तर इथं."

पापड काही सुटले नाहीत. म्हणाली, "चला, जाऊ या."

म्हणून तुला बोलावलं. आमची दोन तिकिटं काढून दे. ते मोबाईलवरचं मला जमत नाही बाबा, चौथीत शाळा सुटली माझी. खालचे बर्थ बघ. अन् एवढं एक कर, विलासला यातलं काही कळू देऊ नकोस. कळलं तर म्हणेल, थांबा, मीच येतोय. अन् ही थांबेल रे परत.