लाल पाठीचे भुंगे

आगाशीतल्या माडांना गेंड्या भुंगा लागला, त्या वर्षी गावाचं दोन गोष्टींवर एकमत होतं: भुंगा वाईट, आणि तो शेजारच्या वाडीतून येतो. हिरामण म्हणे, फेबियनच्या. फेबियन म्हणे, हिरामणच्या. या भुंग्याच्या अळ्या शेणखतात वाढतात, आणि शेणखताचे खड्डे दोघांकडेही होते. हिरामणचा गावात सर्वांत मोठा. पाहुण्यांना देव्हाऱ्याआधी तो दाखवला जाई.

हिरामणची मुलगी मालन मुंबईत कीटकांच्या संख्येवर पीएच.डी. करत होती. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ती आली आणि दोन्ही खड्ड्यांवर जाळी टाकून बसली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक भुंग्याच्या पाठीवर नेलपॉलिश लावून ती त्याला सोडून देई. वडिलांकडचे लाल, फेबियनकडचे पांढरे. मग गावभर आणि शेजारच्या बोळिंज गावापर्यंत आंबवलेल्या एरंडीच्या पेंडीची मडकी पुरली. त्या वासाला येऊन पडलेल्या भुंग्यांच्या पाठी पाहिल्या, की ते कुठले हे कळणार होतं.

"पकडून सोडते?" फेबियनने कपाळाला हात लावला. "हिरामण, यासाठी शिकवलीस?"

"नटवून सोडते," हिरामण ताठ मानेने म्हणाला.

एकदा गावातली भागूबाई पदरात भुंगा घेऊन आली. "घे गो, तुझा आमच्याकडे आलेला."

"मारला नाहीत, मावशी?"

"रंगवलेला होता. म्हटलं, कुणाच्यातरी घरचा असेल."

पावसाआधी मालन वडिलांना म्हणाली, "बाबा, उद्या शाळेत गावासमोर सांगायचंय. जवळजवळ सगळे लाल आहेत."

हिरामण जेवला नाही. खड्ड्याकडे तोंड करून ओटीवर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी मालनने सांगितलं. कुठलाही शब्द मऊ केला नाही. फेबियन हसला नाही. त्यासाठी त्याला फार कष्ट पडले. हिरामण उठला.

"माझ्या पोरीनं मोजलंय. म्हणजे भुंगे माझेच. कुणाला शंका असेल, तर त्यानं आधी एक भुंगा रंगवून दाखवावा."

त्याच आठवड्यात हिरामणने स्वतः खड्डा उपसला, अळ्या वेचून कोंबड्यांना घातल्या आणि खड्डा बुजवून टाकला. दोन वर्षांत माडांचे शेंडे सावरले आणि मालन डॉक्टर झाली.

आता पाहुण्यांना बुजवलेली जागा दाखवतात. "इथले भुंगे पार बोळिंजपर्यंत उडाले होते," हिरामण सांगतो. "प्रबंधात आहेत."

कुंपणापलीकडून फेबियन खाकरतो.

"चार पांढरेही होते. तेही लिहिलेत तिनं."