पिवळ्या पट्टीच्या आत

येनरोंगला शिशाच्या खोलीत कुणी शिक्षा म्हणून पाठवलं नव्हतं. चांगलं कौतुक करून पाठवलं होतं. आता कौतुक करून कुणी काही गळ्यात घातलं की ते काढता काढता नाकी नऊ येतात, हे काय सांगायला हवं? पण तेव्हा तीही खूश झाली होती, वेडी.

झालं असं, की युरोपातल्या गिऱ्हाइकांनी चीनमधल्या तोंगग्वानच्या, सर्किटं जोडणाऱ्या त्या कारखान्याला बजावलं. मालात शिसं नको, पारा नको, कॅडमियम नको. चिमूटभर सापडलं तरी अख्खा माल परत. मग मोठा हॉल बिनशिशाचा झाला. नवी सोल्डरची, म्हणजे जोडकामाची तार, ती वितळवणारी नवी आयर्नं, सगळ्यावर हिरवी पट्टी. मागे राहिलं फक्त रेल्वेच्या सिग्नलचं एक जुनं सर्किट. त्याला कायद्याने सूट होती, कारण नवं सोल्डर तिथे वर्षानुवर्षं टिकेल याची कुणी हमी देईना. तेवढ्यासाठी हॉलच्या टोकाला काचेची खोली बांधली.

"येनरोंगताई, तुमच्यासारखा स्थिर हात कुणाचाय?" गुणवत्ता विभागाचे टानसाहेब म्हणाले. "थोडे दिवस बसा."

थोडे दिवस! साहेब लोकांचे थोडे दिवस म्हणजे किती, ते त्यांनाच माहीत. येनरोंगचे केस त्या खोलीत पांढरे झाले.

खोलीच्या दारात जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली होती. ती चिकटवली होती गुईझीने. गुईझी म्हणजे येनरोंगची शेजारच्या बाकावरची मैत्रीण, जाडजूड, मोठ्या तोंडाची, हसली की मशिनवरच्या बायका दचकायच्या. पट्टी ती कधी कात्रीने कापत नसे, दातांनी तोडायची. "आईने बत्तीस कात्र्या देऊन पाठवलंय," म्हणायची. तिने तोडलेल्या पट्टीची कडा उंदराने कुरतडल्यासारखी दिसे.

नियम साधा होता. पट्टीच्या आतली वस्तू बाहेर न्यायची नाही. आतला झाडू आत, आतला ॲप्रन आत, आतल्या चपला आत. वस्तू! माणसाबद्दल नियमात अवाक्षर नव्हतं. पण सोवळं-ओवळं एकदा सुरू झालं की ते वस्तूंपाशी थांबतं थोडंच? आधी कँटीनमध्ये बायका विचारायच्या, "हात धुतलेस ना गं नीट?" मग विचारणंही बंद झालं, आणि येनरोंगच्या दोन्ही बाजूंच्या जागा आपोआप रिकाम्या राहू लागल्या. पोटुशी बाई तर ती दिसली की भिंतीकडून जायची. मागून कुणीतरी 'शिसेताई' नाव ठेवलं. कुणी भांडलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. वाळीत टाकायला भांडावं लागत नाही.

गुईझी सुरुवातीला जाता-येता काचेवर टकटक करून वेडीवाकडी तोंडं करायची. पुढे तिच्या सुनेला दिवस गेले आणि तीही लांबूनच हात हलवायला लागली. येनरोंगने मनाला लावून घेतलं नाही, असं ती स्वतःला सांगायची. खोटं होतं ते. नवरा कधीचाच गेलेला, मुलगी लांब हांगचौला, सणावाराला फोन करणार आणि "जेवलीस का आई?" विचारून ठेवून देणार. उरलं कोण? आयर्न उरलं. मुठीजवळ काळं पडलेलं, टोक तिने आपल्या हाताला बसेल असं घासून केलेलं. काम थांबलं की ते ठेवण्याआधी टोकावर सोल्डरचा एक थेंब चढवायचा, म्हणजे टोक गंजत नाही. जुन्या बायका याला घास देणं म्हणत. "घे बाई, खा आणि झोप," असं येनरोंग त्याच्याशी बोलायची. दिवसभरात दुसऱ्या कुणाशी बोलणं व्हायचंच असं नाही.

आणि एक दिवस टानसाहेब पट्टीपाशी उभे राहून म्हणाले, "सूट संपली, ताई. सिग्नलचं सर्किटही बिनशिशाचं होणार. खोली बंद. तुम्ही परत हॉलमध्ये, गुईझीच्या शेजारी."

 येनरोंगला पगारवाढ नको होती, बढती नको होती. त्या लांब टेबलावर बायकांच्या मध्ये, खांद्याला खांदा घासत बसून जेवायचं होतं. बस्स.

रिकाम्या हाताने कसं जायचं परत? चिनी पंचांगात दर वर्षाला एक प्राणी असतो, आणि ते वर्ष डुकराचं होतं. तिच्या मनात आलं, लाइनीतल्या प्रत्येकीला तिच्या तिच्या जन्मवर्षाचा प्राणी करून द्यावा. कुणी ससा, कुणी वाघ, कुणी कोंबडा. आणि शिशाची भीती तिच्याइतकी कुणाला होती? म्हणून तिने आपल्या खोलीतल्या तारेला हात लावला नाही. भांडारातून हिरव्या पट्टीच्या रिळांची उरलेली टोकं मागून आणली, शुद्ध, बिनशिशाची. जेवणाच्या सुट्टीत एकटीच बसून ती तार वितळवायची आणि थेंबावर थेंब चढवून इवलेसे कान, शेपट्या, आयाळ करायची. प्रत्येकाच्या पाठीवर कडी, कडीत लाल दोरा. गुईझीचं डुक्कर सगळ्यात गुबगुबीत झालं. स्वतःसाठी तिने मेंढी केली. खोली बंद झाली तेव्हा तिचं आयर्न शिशाच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिंपात गेलं. तेव्हा तिला रडू आलं, पण प्राण्यांची पिशवी हातात होती, म्हणून तिने डोळे पुसले.

पहिल्या दिवशी कँटीनमध्ये नुसता कल्ला झाला.

"अगं बाई, माझा वाघ बघा! मिशा केल्यात!"

"शिसं नाही ना गं यात?" एकीने विचारलंच.

"हिरवी तार आहे. भांडारवाल्याला विचार हवं तर," येनरोंग म्हणाली, आणि भांडारवाल्याने लांबूनच मान डोलावली.

"आणि माझं डुक्कर माझ्यासारखंच जाड केलंस, मेले!" गुईझी एवढ्या मोठ्याने हसली की सूप सांडलं. "मी डुकराची, नात डुकराची. माझ्या बयोच्या पाळण्याला बांधते हे." आणि ती सरकली, सगळ्याच सरकल्या, आणि येनरोंग मध्ये बसली. तिखट मुळ्याची बरणी तिच्यापर्यंत आली. ती मुद्दाम सावकाश जेवली. भात गार झाला तरी उठेना.

असे थोडे दिवस गेले. दुपारनंतर हसणारी, चिडवणारी येनरोंग बघून लोक म्हणाले, ही बोलतेही वाटतं!

मग गिऱ्हाइकाची तपासणी आली. हॉलच्या एका टोकाला तपासनीस बाई टेबल मांडून बसली, हातात क्ष-किरणांचं पिस्तूल. सर्किट समोर धरायचं, घोडा दाबायचा, शिसं असेल तर आकडा लाल. टानसाहेब बाजूला हात बांधून उभे. सगळं हिरवं येत होतं. कुणाच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोऱ्याला लटकणाऱ्या प्राण्याकडे त्या बाईने बघितलंही नाही, आणि बघणारही नव्हती.

जेवणाची घंटा झाली. येनरोंगने नवं आयर्न ठेवण्याआधी टोकावर थेंब चढवला.

"अजून घास भरवतेस?" गुईझी म्हणाली. "बयोलाही तसंच. दात येतायत, काहीतरी हवं चावायला. डुक्कर पाळण्यातून काढून दिलं तिला. दिवसभर चोखत असते, लाळेने नुसतं चकचकीत केलंय!"

येनरोंगचा हात तसाच राहिला.

घास. तार शुद्ध होती, पण आयर्न? त्या आयर्नने इतकी वर्षं काय खाल्लं होतं? रोज संध्याकाळी शिशाचा घास, तिच्याच हाताने. प्रत्येक प्राण्याचा पहिला थेंब त्याच टोकावरून उतरला होता. टोक पुसलं होतं, हो, पण त्याच शिशाने माखलेल्या ओल्या स्पंजवर! जित्याची खोड म्हणतात ती ही. तारेची जात बघितली आणि स्वतःच्या हाताकडे बघितलंच नाही.

पळवाट होती, खोटं कशाला सांगा. 'शेपूट वाकडी झालीय, उद्या आण डुक्कर, नीट करते,' एवढं म्हटलं असतं की झालं. बाकीचे प्राणीही काहीतरी सांगून एकेक करून परत घेता आले असते. कुणाला कळलंही नसतं. टेबलावरची जागा राहिली असती. येनरोंगच्या तोंडापर्यंत आलं ते. पण उद्या म्हणजे मधली रात्र आली, आणि रात्री ती पोर पाळण्यात डुक्कर चोखत पडली असती.

"गुईझी, घरी फोन कर. डुक्कर तिच्या तोंडातून काढायला सांग. आत्ता."

"काय गं, एवढी काय..." गुईझी हसत होती. मग हसायची थांबली. "शिसं?"

"असेल. माझ्या जुन्या आयर्नचं. मला आत्ता सुचलं गं, आईशप्पथ, आत्ता!"

गुईझीने तिच्याकडे बघितलं, फक्त एकदा. मग ती जड बाई लाइनीतून अशी धावली की दोन स्टुलं पडली.

येनरोंग उठली. हात दाखवून अवलक्षण, असं तिला वाटलं नाही असं नाही. गळ्यातली मेंढी काढून तिने तपासनीस बाईच्या टेबलावर ठेवली. "ही बघा," म्हणाली. बाईने टानसाहेबांकडे बघितलं, खांदे उडवले, घोडा दाबला. आकडा लाल झाला.

मग काय विचारता. लाइन बंद, बाक पुसा, सर्किटं परत तपासा. ससे, वाघ, कोंबडे एकेक करून पिवळ्या पिंपात पडले. बायका ते दोन बोटांनी, लांब धरून टाकत होत्या, आणि मग हात धूत होत्या, पुन्हा पुन्हा धूत होत्या. येनरोंग पिंपाशेजारी उभी राहून "चुकले गं, चुकले" म्हणत होती. कुणी तिला वाईट बोललं नाही.

माल स्वच्छ निघाला. तपासनीस बाईने लिहून दिलं, की कामगाराने आपण होऊन दोष दाखवला, ही कारखान्याच्या शिस्तीची खूण आहे. टानसाहेब तर भलतेच खूश. "ताई, तुमची जागा तुमचीच," म्हणाले. गुईझीच्या नातीचं रक्त तपासून आलं. काही निघालं नाही. ते ऐकून येनरोंग न्हाणीघरात जाऊन मोकळेपणी रडली. आता सगळं निवळेल, तिला वाटलं. गुईझीचा राग असा किती दिवस टिकणार? दूध उतू जातं तसा तिचा राग, वर येतो आणि बसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ताट घेऊन कँटीनमध्ये गेली. बायका आधीच बसल्या होत्या. टेबलाच्या अगदी टोकाला एका माणसापुरती जागा मोकळी ठेवलेली होती, आणि त्या जागेच्या कडेने टेबलावर आडवी पिवळी पट्टी चिकटवलेली होती.

कुणी मान वर केली नाही. गुईझी पाठमोरी बसून जेवत होती.

येनरोंगने वाकून बघितलं. पट्टीची कडा कुरतडलेली होती.

तिने ताट पट्टीच्या आत ठेवलं, काठ बाहेर जाऊ नये म्हणून थोडं आपल्याकडे ओढलं, आणि जेवायला लागली.